झाकणाच्या आतल्या बाजूला

सराफाने ती वस्तू काट्यावर ठेवली, आकडा वाचला आणि मग पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "५७ ग्रॅम. मोडीत द्यायची ना?" असं विचारता विचारताच त्याने ती पुन्हा हातात घेतली, उलटी केली, झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "पण ताई, हे आहे काय?" त्याआधी मी त्याच्यापुढे साखळी तुटलेले पैंजण, एक चेपलेलं ताम्हन, बूड निखळलेलं निरांजन आणि बाळाचे काळे पडलेले वाळे मांडले होते. त्यांतल्या कशाबद्दलही त्याने चकार शब्द काढला नव्हता. भराभर वजनं झाली, घट वजा झाली, कागदावर आकडे पडले. आणि या एका वस्तूशी येऊन तो थांबला. मी म्हटलं, "आजोळची आहे. वाईची." तो म्हणाला, "ते ठीक. पण आहे काय?" मला उत्तर देता आलं नाही. बाकीच्याचे पैसे घेतले, ती वस्तू रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि बाहेर पडले. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळची गर्दी होती. रिक्षात बसल्यावर पर्स मांडीवर घेतली तेव्हा जाणवलं, आपण ती दोन्ही हातांनी धरून बसलोय.

वाईचं घर गेल्या वर्षी विकलं. मधल्या आळीतलं, पुढे ओसरी, मागे परसू, परसातून खाली उतरलं की कृष्णेच्या घाटाकडे जाणारा बोळ. घर विकलं की सामान विकावं लागत नाही, वाटावं लागतं, आणि ते जास्त अवघड असतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घातलेली होती, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, कुणाच्या मुंजीत कुणी दिलं ते साल घालून. त्यामुळे ती आपापल्या वाटेने गेली. माळ्यावरच्या ट्रंकेत मात्र हे एक गाठोडं होतं. विटलेल्या लाल कापडाचा तुकडा, त्याच्या आत ही वस्तू. नाव नाही, साल नाही, कुठलाच ठसा नाही. मामा म्हणाला, "तू घे, तुझ्या आईला विचार," आणि मी ती घेऊन सहा महिने कपाटात ठेवून दिली. आईला विचारायचं राहूनच गेलं. पुढे घरातली मोड काढायची ठरली तेव्हा तीही उचलून पिशवीत घातली. आता त्या सहा महिन्यांचं आणि त्या पिशवीचं मला फार वाईट वाटतं.

कशी आहे ते सांगते. तळहातावर मावेल एवढी गोल, बसक्या कळशीसारखी. वर घुमटासारखं झाकण आणि झाकणाच्या टोकाला एक पक्षी. मोर असावा, पण इतकी बोटं त्याच्यावरून फिरलीत की तुरा झिजून गेलाय आणि आता त्याला नुसतंच पाखरू म्हणावं लागेल. झाकण काढलं की आत दोन मजले. वरचा म्हणजे उथळ वाटी, नुसत्या बोटाने उचलता येणारी, तळाशी तपकिरी-काळा घट्ट थर बसलेली. ती उचलली की खाली खोल पोट. त्यातून वास येतो, कोरडा, घशाच्या मागे जाऊन बसणारा. झाकणाच्या आतल्या बाजूला कडेकडेने सहा बारीक आकड्या, पाकळ्यांसारख्या बाहेर वळलेल्या. काहीतरी धरून ठेवायला केलेल्या असाव्यात, पण धरलेलं काही नाही. आणि सगळ्यावर काळपट पूट. हवेतल्या गंधकाने चांदीवर चढतं ते. आईने ती बघितली तेव्हा तिचं पहिलं वाक्य "चिंच लाव, लखलखीत होईल" असंच होतं. मी लावली नाही. का लावली नाही हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या वाक्यात तिने ओळखली. आईचं वय ८१. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ती वस्तू पाहण्याआधी हाताळते. तिने झाकण काढलं, वरच्या वाटीवर बोट फिरवलं, वाटी उचलली, नाकाशी नेली आणि एकदम हसली. "ही मोठीआईची तपकिरीची डबी!"

मोठीआई म्हणजे आईची आजी, बापाकडून. मी दोन वर्षांची असताना ती गेली, त्यामुळे माझ्यापाशी तिची एकही आठवण नाही. आईपाशी पुष्कळ आहेत आणि त्या दुपारी त्या डबीच्या वासाबरोबर एकामागून एक बाहेर आल्या. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, कपाळ आणि गळा मोकळा. दुपारी एकदाच जेवायची, तेही सगळ्यांचं झाल्यावर. रात्री लाह्या किंवा नुसतं दूध. पाढे तिच्याकडेच पाठ करायचे, औटकी-पावकीसकट, आणि चुकलं की ती काही बोलायची नाही, फक्त डबी बाहेर काढायची. कनवटीला लावलेली असायची. झाकण उघडायचं, वरची वाटी अंगठ्याने बाजूला सारायची, चिमूट घ्यायची, डोळे मिटायचे, ओढायची. तेवढ्यात मुलाने आपली चूक शोधून काढायची. पदराचं एक टोक कायम तपकिरी. आई सांगत होती, "तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की शिंक यायची, आणि ती म्हणायची, शंभर वर्षं जगशील." हे सांगताना आईच्या आवाजात आठ वर्षांची मुलगी होती. प्रश्न सुटला होता. सराफाला उद्या फोन करून सांगावं असंही मनात आलं.

पण झोप लागेना.

तपकिरीच्या डबीला दोन मजले कशाला? एकाच हाताने उघडता यावी, वाऱ्याने उडू नये, ओलावा लागू नये, एवढंच तिचं काम. आणि त्या आकड्या? शिवाय त्या वरच्या वाटीतला थर तपकिरीसारखा भुरभुरीत नव्हता. नख लावलं तर नखाची खूण उमटत होती. डबीतली अर्धी जागा एका अशा गोष्टीने अडवलेली होती, जिचा तपकिरीशी काही संबंध दिसत नव्हता, आणि तरी मोठीआई दर वेळी ती बाजूला सारून चिमूट घ्यायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. दिवसातून दहा-बारा वेळा. ती वाटी काढून टाकली असती तर दुप्पट तपकीर मावली असती.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या मामीला फोटो पाठवले. मामी ७८ वर्षांची, पण फोनवर तिचा आवाज अजून हळदीकुंकवाला बोलावणं करायला आल्यासारखा असतो. तिने बघताक्षणी सांगितलं. "अगं, हा करंडा आहे! मेणाचा करंडा. माझ्या आईचा अगदी असाच होता, फक्त पितळेचा." आणि मग कसं लावायचं तेही सांगितलं. वरच्या वाटीत मेण. मधाच्या पोळ्याचं, खोबरेल घालून मऊ केलेलं. अनामिकेने थोडं घ्यायचं, कपाळावर गोल फिरवायचं, मग खालच्या पोटातलं कुंकू चिमटीने त्यावर दाबायचं, आजूबाजूला सांडलेलं पदराने टिपायचं. मेणावर बसलेलं कुंकू घामाने ओघळत नाही, चुलीपुढे दिवसभर जसंच्या तसं राहतं. आणि झाकणात आरसा. एवढासा. "त्यात अख्खं तोंड दिसत नाही गं, फक्त कपाळ दिसतं. तेवढंच लागतं." म्हणजे त्या सहा आकड्यांत आरसा होता.

मी हे आईला सांगितलं आणि ती रागावली. खरंच रागावली. "वहिनींना काय माहीत? त्यांनी मोठीआईला म्हातारपणी पाहिली. तिच्या हातात करंडा कोण देणार होतं?" संक्रांतीला, चैत्रगौरीला बायका यायच्या तेव्हा मोठीआई माजघराच्या आतल्या खोलीत बसायची. कुंकवाची कोयरी ओसरीवर फिरायची तेव्हा ती दाराच्या फटीतून दिसेल अशा जागीसुद्धा यायची नाही. कुणी तिला तसं सांगत नसे, सांगायची वेळच ती येऊ देत नसे. तिच्या कनवटीला करंडा? आईला ती कल्पनाच अपमानासारखी वाटत होती, आणि अपमान कुणाचा हे मला कळत नव्हतं, बहुधा तिलाही. दोघी आपापल्या जागी ठाम होत्या. एकीने डबी वापरात पाहिलेली, दुसरीने तसा घाट पाहिलेला. दोघींचंही खोटं नव्हतं.

त्या आठवड्यात मी राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. पुण्यात राहणारी माणसं तिथे पाहुण्यांना घेऊन जातात, एकटी जात नाहीत. मीही कितीतरी वर्षांनी गेले. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत या संग्रहात, आणि त्यांनी तो १९७५ साली सरकारला देऊन टाकला. संग्रहाला नाव आहे त्यांच्या राजा या मुलाचं, जो लहानपणीच गेला. मला त्या माणसाविषयी नेहमी आदर वाटत आलाय तो एवढ्यासाठी, की त्यांनी तलवारींच्या बरोबरीने पाय घासायच्या वज्र्या जमवल्या, अडकित्ते, फण्या, दिवे, करंडे, झारे जमवले. बायकांच्या हातांत रोज असणाऱ्या आणि म्हणून कुणाच्या नजरेत नसणाऱ्या गोष्टी. ते कविता करत तेव्हा 'अज्ञातवासी' हे नाव घेत. काचेपुढे उभी राहून मला वाटलं, हे नाव या सगळ्या वस्तूंनाही शोभेल. कपाटात करंडे होते. पितळेचे, लाकडाचे, चांदीचे, आंब्याच्या आकाराचे, कमळाच्या आकाराचे. आमच्यासारखा हुबेहूब एकही नव्हता, पण सगळ्यांचं घराणं एकच आहे हे ओळखायला तज्ज्ञ असावं लागत नाही. तरीही काचेतल्या वस्तूंना एक मर्यादा असतेच. त्यांना वास नसतो. आमच्या करंड्याला तपकिरीचा वास होता, आणि त्याचं काय करायचं हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

मग मी पुन्हा त्या सराफाकडे गेले. तो वस्तू विसरला नव्हता. या वेळी त्याने काट्याऐवजी भिंग काढलं. झाकण आडवं धरून एकेक आकडी पाहिली, बराच वेळ. मग म्हणाला, "आरसा फुटला असता तर एखादी तरी आकडी मोडली असती, नाहीतर वेडीवाकडी झाली असती. ह्या सगळ्या सारख्या वळल्यात. चिमट्याने सावकाश उघडल्यात, एकेक करून. जपून काढलाय आरसा." चांदीच्या शुद्धतेसाठी मशीनखाली धरली, आकडा ९१च्या आसपास आला. तो खूश झाला. त्याचं म्हणणं, ही रुपये वितळवून केलेली वस्तू. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० साली लढाईच्या धामधुमीत त्यातली चांदी निम्म्यावर आणली, त्याआधी तो तसाच होता. पाच रुपये सोनाराच्या हातात द्यायचे, मुशीत वितळवायचे, थोडी घट जाऊन ५७ ग्रॅम उरतात. "पाच रुपये दिलेत कुणीतरी, मोजून," तो म्हणाला. सराफ माणूस, दिवसभर मोडीचे भाव करणारा, पण हे वाक्य त्याने हळू आवाजात म्हटलं.

पाच रुपये कुणी दिले असतील? सासरच्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे, यावर नाही. म्हणजे ती माहेराहून आलेली असणार. मोठीआईचं लग्न १९०९ सालचं, बाराव्या वर्षी. तिच्या वडिलांनी राजाच्या छापाचे पाच रुपये सोनारापुढे ठेवून मोर करायला सांगितला, दोन मजले करायला सांगितले, आरसा बसवायला सांगितलं. लेकीला आयुष्यभर पुरेल असा करंडा. तो नऊ वर्षं पुरला. १९१८च्या आश्विनात मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा, ताप आला. मुंबईहून आला, रेल्वेने, मोटारीने, माणसांच्या पाठीवरून गावोगाव पोहोचला आणि देशात एक कोटीहून जास्त माणसं घेऊन गेला. आमच्या घरातून पणजोबांना तीन दिवसांत नेलं. मोठीआई एकवीस वर्षांची होती, माझे आजोबा आठ महिन्यांचे. त्यापुढचं आईने फार वर्षांपूर्वी एकदाच सांगितलं होतं. परसदाराने न्हावी आला. नंतर तो दर पंधरवड्याला येत राहिला, तिचे केस पिकेपर्यंत आणि पिकल्यानंतरही. मुंबईत १८९० सालीच कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं होतं. मुंबई वाईपासून काही फार लांब नाही. पण ती गोष्ट आमच्या परसापर्यंत अठ्ठावीस वर्षांत आली नाही, याचा मला आजही राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही.

घरी येऊन मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. काडीला ओला कापूस गुंडाळून करंड्याच्या खालच्या पोटात फिरवला. कापूस तपकिरी झाला. दुसरा घेतला, तोही तपकिरी. तिसरा फिकट. आई समोर बसून बघत होती. मग जिथे तळ आणि भिंत झाळून जोडलीय त्या बारीक सांध्यात काडी दाबून फिरवली. बाहेर काढली तेव्हा कापसाच्या टोकावर एक लाल रेघ होती. गडद, किंचित केशरी छटा असलेली, हळदीच्या कुंकवाला असते तशी. हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवून, टाकणखार आणि तुरटी घालून करत असत ते कुंकू. पंचावन्न वर्षांच्या तपकिरीखाली ते तसंच बसून होतं. आईने काडी माझ्या हातातून घेतली, बऱ्या डोळ्याजवळ नेली. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर टेकवली. लाल ठिपका उमटला. ती काही बोलली नाही. उठून आत गेली आणि बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, जरी त्या वेळी भांडी घासायची काही नव्हती.

म्हणजे दोघी बरोबर होत्या. वस्तू एकच, नावं दोन, आणि मधे एक आश्विन महिना. कुंकू पुसल्यावर करंडा कुणाला तरी देऊन टाकायची रीत असेल, एखाद्या नणंदेला, जावेला. तिने दिला नाही. मोडीत घातला नाही. आरसा काढला, चिमट्याने, सावकाश, एकाही आकडीला इजा न करता. हे तिने स्वतः केलं की सोनाराकडून करून घेतलं? परसदाराच्या बाहेर न पडणारी एकवीस वर्षांची मुलगी सोनाराकडे कशी जाणार? मी तिला माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली पाहते, मांडीत आठ महिन्यांचा मुलगा झोपलेला, आणि हातात स्वयंपाकघरातला छोटा चिमटा. मग केव्हातरी, लगेच नाही, पोट रिकामं झाल्यावर आणि पुन्हा काही भरायची हिंमत आल्यावर, तपकीर. तपकिरीला कुणाची हरकत नव्हती. तिच्यासारख्या बायकांना जी एक-दोन सुखं चालत असत त्यांत तपकीर होती. आणि तिला चार लोकांत खुशाल 'डबी' म्हणता येत होतं. ज्या वस्तूला हात लावणं तिला मना होतं, ती वस्तू तिने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पंचावन्न वर्षं कमरेला लावली. आणि तिच्याजवळ पाढे म्हणणाऱ्या मुलांपासून ते घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत कुणीही तिला करंडा म्हटलं नाही. त्यांना कळलंच नसेल असं मला वाटत नाही. निदान तिच्या सासूला तरी कळलं असणार, कारण लग्नानंतर हाच करंडा त्या दोघींनी एकाच आरशाशेजारी ठेवला असेल. ती सासू गप्प राहिली. तिच्याबद्दल मला कधीच काही चांगलं ऐकायला मिळालं नव्हतं. आता तिच्या या गप्प राहण्याचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही.

आता फक्त वरची वाटी राहिली होती. मामीने सांगितलं होतं मेण म्हणून, पण मला खात्री हवी होती. रात्री आई झोपल्यावर मी पातेलीत पाणी उकळलं, गॅस बंद केला आणि ती वाटी चिमट्यात धरून वाफेवर धरली. मधमाश्यांचं मेण साठ अंशांच्या थोडं पुढे वितळतं, त्यात तेल असेल तर आधीच मऊ होतं. काही क्षण काहीच झालं नाही. मग त्या काळपट थराच्या कडेला ओली चमक आली, ती आत सरकत गेली, आणि अचानक वास आला. मधाचा. अगदी पुसट, जुन्या लाकडाच्या कपाटात कधीतरी मधाची बाटली ठेवलेली असावी तसा, पण मधाचाच. त्याच्या मागोमाग खवट खोबरेलाचा. मी एकटी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आनंदानेच म्हणायला हवं. मला त्या मुलीच्या कपाळाचा वास आला होता, जिला माझ्या आईनेही कधी त्या कपाळासकट पाहिलेलं नव्हतं. वाटी ओट्यावर गार व्हायला ठेवली आणि झोपले.

सकाळी आईला सांगितलं, मेणच आहे. तिने वाटी हातात घेतली, सवयीने त्यात बोट फिरवलं आणि थांबली. पुन्हा फिरवलं.

"इथे खड्डा होता ना?"

मी फोन उघडला. मामीला पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. वाटीच्या मधोमध, किंचित उजवीकडे, मेणात एक खळगा होता. लांबट, एका बाजूला उतार असलेला, बोटाचं पेर टेकून ओढलं की पडतो तसा. एकाच बोटाचा, एकाच दिशेने, नऊ वर्षं रोज सकाळी टेकून पडलेला. शेवटच्या सकाळी जसा होता तसाच पंचावन्न वर्षं कमरेला राहिला, आणि त्यानंतरही जवळजवळ तितकीच वर्षं ट्रंकेत. मी तो फोटो तीन जणांना पाठवला होता, स्वतः दहा वेळा पाहिला होता, आणि मला तो दिसला नव्हता. आईला पहिल्याच दिवशी बोटाने कळला होता. आता वाटीतलं मेण तळ्यासारखं सपाट होतं. मी वाटी पंधरा मिनिटं वाफेवर धरली होती, खात्री करून घ्यायला.

आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यामुळे जास्त लागलं. आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो आणि बाहेर भाजीवाला ओरडत गेला. बाबा २०१९ साली गेले, तेव्हा तेराव्याला आलेल्या एका वयस्क बाईंनी आईच्या कपाळाकडे हात नेला होता आणि आईने तो मनगटाशी धरून अलगद खाली ठेवला होता. त्यानंतर काही दिवस तिने काहीच लावलं नाही. मग एके सकाळी चहा घेऊन आली तेव्हा कपाळावर तांबूस टिकली होती, डाळीएवढी. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला. ती बातमी मी तिला वाचून दाखवली, तेव्हा ती "बरं केलं" म्हणाली आणि पेपरातला तेवढा तुकडा कापून पोथीत ठेवून दिला. हे सगळं त्या सकाळी मला आठवत होतं, आणि तिलाही काहीतरी आठवत असावं, कारण ती मधेच म्हणाली, "आम्हाला कवडसे पाडायला एक आरसा होता."

चिंचोक्यांच्या डब्यात असायचा, ती म्हणाली. गोल, नुसती काच, चौकट नाही. दुपारी ओसरीवर ऊन आलं की मुलं त्याने भिंतीवर, छतावर, एकमेकांच्या डोळ्यांवर कवडसे मारायची. मोठे लोक ओरडायचे. मोठीआई कधी ओरडली नाही. "ती म्हणायची, फोडू नका म्हणजे झालं." केवढा होता? आईने अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करून दाखवला. मग तो गोल तसाच धरून हात झाकणाजवळ आणला, पण टेकवला नाही. कुठे गेला तो आरसा? ते तिला आठवेना. चिंचोक्यांचा डबाही आठवेना कुणाकडे गेला.

मी वाटी पुन्हा करंड्यात बसवली. खालच्या पोटात अजून वास होता, तपकिरीचा, आणि वर आता मधाचाही, कारण वितळताना मेण जागं झालं होतं. दोन्ही वास एकमेकांत मिसळत नव्हते. नाक जवळ नेलं की आधी एक येई, मग दुसरा. आईनेही वाकून घेतला. मग हात पुढे करून तिने झाकण माझ्याकडे सरकवलं.

"लाव ते," ती म्हणाली. "उडून जाईल."